ध्रुवाजवळ उंची पुन्हा पुन्हा भरकटते: वातावरणीय विलंबाचा दोष नेमका कुठे शोधायचा?

जीपीएससारख्या उपग्रहांवरून नेमकं स्थान मोजणाऱ्यांची ध्रुवाजवळची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. रिसीव्हर चांगला, अँटेना चांगला, आकाश चहूबाजूंनी मोकळं, ना झाड ना इमारत. हाच संच मध्य अक्षांशांवर दोन-तीन सेंटिमीटरच्या आत उंची देत होता. ध्रुवीय प्रदेशात नेल्यावर अक्षांश-रेखांश ठीक येतात, पण उंची कधी दहा सेंटिमीटर वर तर कधी पाव मीटर खाली. काही तास सगळं सुरळीत चालतं, मग पीपीपीचं (एकाच रिसीव्हरने, उपग्रहांच्या नेमक्या कक्षा आणि घड्याळं वापरून स्थान काढण्याच्या पद्धतीचं) उत्तर अचानक पहिल्यापासून जुळायला लागतं आणि अर्धा-पाऊण तास त्यातच जातो. काहीतरी सेटिंग बदललं की थोडे दिवस बरं वाटतं, मग परत तेच.

यावर सगळ्यात आधी केला जाणारा उपाय म्हणजे एलिव्हेशन मास्क, म्हणजे ज्याखालचे उपग्रह वगळले जातात तो क्षितिजापासूनचा कोन, १५ किंवा २० अंशांवर नेणं. वातावरणातून येताना सिग्नलला विलंब होतो, क्षितिजाजवळच्या उपग्रहांच्या सिग्नलला जास्त, तेव्हा तेच काढून टाका, हा त्यामागचा हिशेब. मध्य अक्षांशांवर तो खपून जातो, ध्रुवाजवळ अंगाशी येतो. दुसरा उपाय म्हणजे सॉफ्टवेअरच्या यादीतलं एकेक मॉडेल लावून बघत बसणं. माझं म्हणणं सरळ आहे: दोष आयनांबरात (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरात) आहे, तपांबरात (हवामान घडतं त्या खालच्या थरात) आहे की अँटेनावर साचलेल्या बर्फात, हे ठरेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावू नये. आणि हे ठरवायला फारसं काही लागत नाही.

आधी घड्याळ बघा

सलग दोन-तीन आठवड्यांचा डेटा घ्या. उंची रोज किती वाजता बिघडते ते जागतिक वेळेत मांडा, एका दिवसाची रेघ दुसऱ्या दिवसाच्या खाली. निम्मं निदान इथेच होतं.

बिघाड रोज सुमारे चार मिनिटं अलीकडे सरकत असेल तर संशय जमिनीवर घ्या. जीपीएस उपग्रहांची आकाशातली मांडणी नाक्षत्र दिवसाने तशीच परत येते, म्हणजे रोज साधारण चार मिनिटं आधी. बर्फाच्या पृष्ठभागावरून उसळून येणारा सिग्नल, शेजारचा मास्ट, ठरावीक वेळची कमकुवत भूमिती, हे सगळे त्रास याच चालीने सरकतात. महिनाभरात फरक दोन तासांवर जातो, त्यामुळे आलेखात तिरपी रेघ स्पष्ट उठते. वातावरणाला नाक्षत्र दिवसाशी काही देणंघेणं नाही.

बिघाड रोज त्याच सुमारास येत असेल तर आयनांबर धरा. ध्रुवाजवळ आयनांबराचा दिनक्रम सूर्याइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, चुंबकीय वेळेवर चालतो. स्वालबार्डमधलं न्यू-ओलेसुंड घ्या, जिथे २००८ पासून भारताचं हिमाद्री केंद्र आहे. तिथे चुंबकीय मध्यान्ह जागतिक वेळेनुसार सकाळी नऊच्या आसपास होतो. त्या वेळी केंद्र कस्पच्या, म्हणजे सौरवाऱ्याचे कण जिथून थेट खाली उतरतात त्या भागाच्या, जवळपास खाली येतं. हिवाळ्यातल्या मिट्ट काळोखातही ही वेळ चुकत नाही. दुसरा गोंधळ चुंबकीय मध्यरात्रीच्या आगेमागे, ऑरोराच्या, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या, अचानक भडक्याबरोबर (सबस्टॉर्म).

आणि बिघाड घड्याळ पाळतच नसेल, दोन-चार दिवसांच्या लाटेने येत-जात असेल, तर त्याच आलेखावर वायुदाबाची नोंद चढवा. दोन्ही रेघा एकमेकींच्या मागे जात असतील तर तपांबर. मात्र त्यातली काही मिलिमीटरची हालचाल खरी असते: हवेचा भार वाढला की जमीन खरोखरच दबते. तेवढी मॉडेलच्या माथी मारू नका.

घड्याळाने कौल दिला की वारंवारतेकडून तो तपासून घ्यायचा. आयनांबरातला विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, तपांबरातला सगळ्या वारंवारतांना सारखाच. म्हणून एल१ आणि एल२ या जीपीएसच्या दोन वारंवारतांवरच्या फेज मापनांची वजाबाकी, म्हणजे जिऑमेट्री-फ्री रेषा, काढा. ती उंचीच्या बिघाडाच्या वेळीच खवळत असेल तर गुन्हेगार वर, आयनांबरात. ती शांत असून आयनो-फ्री जोडणीतले (दोन वारंवारता एकत्र करून आयनांबराचा परिणाम काढलेल्या मापनातले) शेषफरक वाढत असतील तर खाली बघा.

उपग्रह डोक्यावर येतच नाहीत

मास्क वाढवू नका असं म्हटलं, त्याचं कारण हे. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या आहेत. ऐन ध्रुवावर उभं राहिलं तर एकही जीपीएस उपग्रह ४५ अंशांच्या फारसा वर चढत नाही. युरोपच्या गॅलिलिओचं ४८ च्या आसपास थांबतं. रशियाच्या ग्लोनासच्या कक्षेचा कल ६४.८ अंश असल्याने ते उपग्रह ५७ अंशांपर्यंत येतात. ७० दक्षिणेच्या जरा पलीकडे असलेल्या मैत्री केंद्रावरून जीपीएस ६९ अंशांपर्यंत दिसतो, म्हणजे परिस्थिती बरी, पण ऐन माथ्यावरचं आकाश तिथेही रिकामंच.

दिशांची वाटणी मात्र उत्तम असते, सगळीकडे उपग्रह. म्हणून क्षितिजसमांतर स्थान चांगलं येतं आणि सगळा भुर्दंड उंचीवर पडतो. उंची, रिसीव्हरच्या घड्याळाची चूक आणि माथ्यावरचा तपांबरी विलंब या तीन अज्ञातांना वेगळं करण्याचं साधन एकच: उन्नत कोन (उपग्रह क्षितिजापासून किती अंश वर आहे तो) बदलला की प्रत्येकाचा परिणाम वेगळ्या रीतीने बदलतो. माथ्यावरच्या विलंबाला ४५ अंशांवर सुमारे १.४ ने गुणावं लागतं, १५ अंशांवर ३.८ ने, ५ अंशांवर १० पेक्षा थोडं जास्त. मास्क १५ वर नेला की १.४ ते ३.८ एवढीच पट्टी उरते आणि तिन्ही अज्ञातं एकमेकांत मिसळतात. ५ वर ठेवला तर १० पर्यंतची पट्टी मिळते. तेव्हा मास्क ५ ते ७ अंशांवर ठेवा आणि खालच्या उपग्रहांना उन्नत कोनाच्या साइनच्या वर्गाप्रमाणे कमी वजन द्या. त्यांचं म्हणणं ऐकायचं, पण कमी आवाजात. ग्लोनास बंद ठेवायची सवय असेल तर ती इथे सोडा.

एकाच वारंवारतेचा रिसीव्हर असेल तर

एका वारंवारतेवर आयनांबराचा विलंब अंदाजाने काढणारं जीपीएसचं क्लोबुचर मॉडेल ध्रुवावर का चालत नाही हे त्याच्या सूत्रातच लिहिलेलं आहे. सिग्नल आयनांबराला जिथे छेदतो त्या बिंदूचा अक्षांश हे मॉडेल ०.४१६ अर्धवर्तुळावर, म्हणजे जेमतेम ७५ अंशांवर, अडवून ठेवतं. पुढच्या पायरीत रेखांश काढताना अक्षांशाच्या कोसाइनने भागायचं असतं आणि ध्रुवाशी ती संख्या शून्याकडे जाते, त्यामुळे ही अडवणूक भागच आहे. त्यानंतर स्थानिक वेळ काढून दुपारी दोनला कमाल धरणारी कोसाइनची टेकडी बसवली जाते. जिथे सगळे रेखांश एकत्र येतात तिथे दुपारचे दोन म्हणजे काय? टेकडीची उंची उपग्रहांकडून येणाऱ्या आठ गुणकांपैकी चारांच्या बहुपदीतून येते. ती ऋण आली तर मॉडेल तिला शून्य करतं आणि मग उरतात फक्त पायाभूत ५ नॅनोसेकंद.

५ नॅनोसेकंद म्हणजे दीड मीटर, एल१ वर सुमारे ९ टीईसी एककांइतकं (टीईसी म्हणजे सिग्नलच्या वाटेवरच्या एकूण इलेक्ट्रॉनांचं माप). क्षितिजापासून ५ अंशांवर तेच तिप्पट होऊन साडेचार मीटर. ध्रुवीय हिवाळ्यातल्या शांत रात्री प्रत्यक्षात दोन-चार एककंच असतात, म्हणजे मॉडेल नसलेला विलंब वजा करून टाकतं. याउलट दिवसाच्या बाजूने वाहत आलेला दाट प्लाझ्माचा ठिगळासारखा पुंजका, ज्याला पोलर कॅप पॅच म्हणतात, वरून जात असेल तर तेच मॉडेल अपुरं पडतं. हे पॅच शंभर ते हजार किलोमीटर पसरलेले असतात आणि सेकंदाला काही शे मीटर वेगाने, कधी किलोमीटरभर वेगाने, ध्रुवावरून रात्रीच्या बाजूकडे सरकतात.

मग जागतिक टीईसी नकाशे लावले की झालं, असं वाटतं. थोडा फरक पडतो, हे खरं. पण बर्नहून निघणारे ‘कोड’ या विश्लेषण केंद्राचे नकाशे १५ व्या घातापर्यंतच्या गोलीय हार्मोनिक फलनांनी बनतात, त्यांना साधारण १२ अंशांहून लहान काही दिसत नाही. त्यात दक्षिण महासागरावर केंद्रं विरळ. हजार किलोमीटरहून लहान पॅच नकाशात सपाट होऊन जातो. गॅलिलिओचं नेक्विक-जी क्लोबुचरपेक्षा बरं वागतं, कारण ते चुंबकीय नतीवर आधारलेल्या मोडिप अक्षांशात काम करतं. तरी तेही सरासरी हवामानाचंच मॉडेल आहे, पॅच त्यालाही ठाऊक नसतो. भूस्थिर उपग्रहांवरून येणाऱ्या एसबीएएस दुरुस्त्यांची आशा धरू नका. ८१ अंशांपलीकडे ते उपग्रह क्षितिजाखाली जातात आणि त्याच्या बरंच आधीपासून क्षितिजाला घासून असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ५ अंशांवरच्या उपग्रहाचा छेदनबिंदू तुमच्यापासून सुमारे १४ अंश दूर असतो, म्हणजे दीड हजार किलोमीटर. ७० अंश अक्षांशावर बसलेल्या रिसीव्हरचा एक उपग्रह ध्रुवीय टोपीतून बघतो, दुसरा ऑरोराच्या पट्ट्यातून, तिसरा मध्य अक्षांशांच्या शांत आकाशातून. या तिघांना एकच ‘इथलं टीईसी’ लावणारी कोणतीही युक्ती फसणारच. सेंटिमीटर हवे असतील तर दोन वारंवारता घ्या. त्याला पर्याय नाही.

दोन वारंवारता असूनही उत्तर पुन्हा पहिल्यापासून का जुळतं

या भागावर सगळ्यात जास्त वेळ वाया जातो असं मला वाटतं, कारण इथे विलंबाची दुरुस्ती बरोबर असते आणि तरीही उत्तर मोडतं.

आयनो-फ्री जोडणी पहिल्या क्रमाचा विलंब जवळजवळ पूर्ण काढते, मोबदल्यात मापनाचा गोंगाट सुमारे तिप्पट करते. ध्रुवाजवळ सिंटिलेशन, म्हणजे आयनांबरामुळे सिग्नलची होणारी लुकलुक, मुख्यतः फेजचं असतं. सिग्नलची ताकद विषुववृत्ताजवळ जशी कोसळते तशी इथे सहसा कोसळत नाही, म्हणून ताकदीचे चढउतार मोजणारा एस४ निर्देशांक बघून ‘सगळं शांत आहे’ असं ठरवू नका. फेजचा थरथराट मोजणारा सिग्मा-फाय किंवा टीईसी बदलण्याच्या वेगातली चलबिचल मोजणारा आरओटीआय बघा. आणि या फेजच्या थरथराटाचा मोठा भाग म्हणजे टीईसीचा वेगवान पण खराखुरा बदल असतो, जो आयनो-फ्री जोडणीत निघून जायला हवा.

मग मोडतं कुठे? सायकल स्लिप, म्हणजे फेजच्या मोजणीतून पूर्ण चक्र निसटणं, शोधणाऱ्या चाचणीत. आरटीकेलिब या सॉफ्टवेअरमध्ये जिऑमेट्री-फ्री रेषेतल्या उडीची ठरवून दिलेली मर्यादा ०.०५ मीटर असते. एक टीईसी एकक म्हणजे या रेषेत साधारण १०.५ सेंमी. म्हणजे ३० सेकंदांच्या डेटात दोन नोंदींदरम्यान अर्धं एकक बदललं की सॉफ्टवेअर स्लिपचा शिक्का मारतं आणि त्या उपग्रहाची अँबिग्युइटी (फेजमधली अज्ञात पूर्ण चक्रसंख्या) नव्याने शोधायला घेतं. शांत मध्य अक्षांशांवर असा बदल क्वचित. ऑरोराच्या पट्ट्यात मिनिटाला एक-दोन एककं ही नेहमीची गोष्ट. दहापैकी सहा-सात उपग्रहांवर एकाच वेळी खोटे शिक्के पडले की अख्खं उत्तर नव्याने जुळायला लागतं, आणि पडद्यावर बघणाऱ्याला वाटतं की दुरुस्तीचं मॉडेल चुकलं.

ओळखायची खूण सोपी. स्लिपच्या खुणा असलेल्या जागी रेषा बारकाईने बघा. खऱ्या स्लिपला पायरी असते: रेषा एका नोंदीत उडते आणि पुढे जुन्याच उताराने चालत राहते. खोट्या स्लिपला पायरी नसते, नुसता चढ तीव्र होतो आणि मग उतरतो.

मर्यादा १५-२० सेंमीवर नेऊन मोकळं व्हावंसं वाटेल, पण त्यात एक खाच आहे. सैल मर्यादेची भरपाई म्हणून मेलबर्न-व्युबेना जोडणी वापरतात. तिच्यावर आयनांबराचा पहिल्या क्रमाचा परिणाम नसतो आणि तिची तरंगलांबी ८६ सेंमी, त्यामुळे बहुतेक स्लिप ती पकडते. पण एल१ आणि एल२ वर एकाच वेळी एकेक चक्र निसटलं तर तिला काहीच दिसत नाही, आणि जिऑमेट्री-फ्री रेषेत उमटते ती फक्त ५.४ सेंमीची पायरी. सैल केलेल्या मर्यादेखालून ती बिनबोभाट निघून जाते. म्हणून खरा इलाज डेटा दाट घेण्याचा: सेकंदाला एक नोंद. मिनिटाला एक एककाचा बदल दर सेकंदाला दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही, ५ सेंमीची मर्यादा जागच्या जागी राहते आणि खरी पायरी उठून दिसते. साठवण कमी असेल तर गणित ३० सेकंदांवर करा, पण स्लिपची चाचणी एक सेकंदाच्या डेटावर आधी उरकून घ्या.

खऱ्या स्लिप उरतातच. त्या बहुतेक जुन्या रिसीव्हरमध्ये एल२ वर होतात, कारण तिथला कूट पी(वाय) सिग्नल सेमी-कोडलेस पद्धतीने, एल१ च्या आधाराने पकडलेला असतो आणि आयनांबर खवळलं की पहिला तोच सुटतो. रिसीव्हर एल२सी किंवा एल५ हे नवे खुले सिग्नल देत असेल तर जोडणीत तेच वापरा.

निर्देशांकांबद्दल एक सूचना. केपी, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचा ० ते ९ असा निर्देशांक, बघून काम ठरवण्याची पद्धत आहे, आणि १०-११ मे २०२४ सारख्या वादळात, जेव्हा केपी ९ ला टेकला, तो सगळं सांगतो. एरवी नाही. केपी ज्या केंद्रांवरून काढतात ती ऑरोराच्या पट्ट्याच्या विषुववृत्ताकडच्या बाजूला आहेत. केपी २ असतानाही ध्रुवीय टोपीत पॅच वाहत असू शकतात. ग्रीनलंडमधलं कानाक आणि अंटार्क्टिकामधलं वोस्तोक या दोन केंद्रांवरून निघणारा, ध्रुवीय टोपीची खळबळ मोजणारा पीसी निर्देशांक आणि सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा बीझेड (उत्तर-दक्षिण) घटक या कामाला जास्त उपयोगी. बीझेड बराच वेळ ऋण राहिला की खुशाल समजा, गडबड येतेय.

वेट डिले ऋण आला का?

घड्याळाने तपांबराकडे बोट दाखवलं असेल तर सगळ्यात आधी ही एक गोष्ट बघा. सॉफ्टवेअरने काढलेला माथ्यावरचा ओला विलंब, म्हणजे बाष्पामुळे होणारा, शून्याखाली जातोय का? बाष्प ऋण असू शकत नाही. ऋण आकडा म्हणजे बहुतेक वेळा कोरड्या भागाला चुकीचा दाब दिला गेलाय.

हे कसं होतं ते एका किनारी केंद्रावर करून बघू. अक्षांश ७० दक्षिण, उंची ३० मीटर. सॉफ्टवेअर प्रमाण वातावरण धरतं: समुद्रसपाटीला १०१३, इथे सुमारे १०१० हेक्टोपास्कल. सास्तामोइनेनच्या सूत्राने कोरडा विलंब २.२९ मीटर. पण अंटार्क्टिकाभोवती कमी दाबाचा कायमचा पट्टा आहे आणि किनाऱ्यावरचा सरासरी दाब ९८५ च्या आसपास असतो. त्या दाबाला उत्तर येतं २.२४ मीटर. म्हणजे साडेपाच सेंमी जास्तीचे. तिथलं खरं बाष्प जेमतेम दोन-तीन सेंमीचं, मग हिशेब जुळवायला सॉफ्टवेअर ओल्या भागात उणे तीन लिहितं. एकूण विलंब जवळपास बरोबर येतो, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण कोरडा आणि ओला भाग क्षितिजाकडे वेगवेगळ्या प्रमाणात वाढतो, ५ अंशांवर सुमारे १०.१५ आणि १०.७५ पट. ती तफावत तीन-साडेतीन सेंमी होते आणि अंदाजे तिचा पाचवा हिस्सा, सहा-सात मिलिमीटर, उंचीत उतरतो. वादळी दिवशी दाब ९६० च्या खाली गेला की चूक दुपटीच्याही पुढे जाते, आणि दाबाबरोबर हलत राहते.

दाब प्रत्यक्ष मोजत असाल तर तीन ठिकाणी पाय घसरतो. हवामानाच्या नोंदीतला आकडा समुद्रसपाटीला आणलेला आहे की केंद्रावरचा, हे आधी बघा. सूत्राला केंद्रावरचाच लागतो. दक्षिण ध्रुवावरच्या केंद्राची उंची २८३५ मीटर आणि दाब ६८० च्या आसपास. कोरडा विलंब दीड मीटरच्या थोडा वर, आणि तिथे समुद्रसपाटीचा आकडा देणं म्हणजे पाऊण मीटरची चूक. दुसरं, दाबमापक खोलीत आणि अँटेना टेकाडावर असेल तर मधली उंची मोजा. थंड हवेत सात-आठ मीटरला एक हेक्टोपास्कल, म्हणजे २.३ मिमी विलंब. तिसरं हमखास सुटतं: वारा. पठारावरून घसरत येणारे कॅटाबॅटिक वारे सेकंदाला ३० मीटरने वाहत असताना दाबमापकाच्या उघड्या नळीवर वाऱ्याचा दाब कमाल सहा हेक्टोपास्कलपर्यंत भर घालू शकतो. स्टॅटिक पोर्ट (वाऱ्याचा दाब आत येऊ न देणारं तोंड) बसवलेलं नसेल तर वारा सुटला की तुमचा कोरडा विलंब सेंटिमीटरने हलणार, आणि कोणीतरी त्याला तपांबराचा ग्रेडियंट (दिशेनुसार बदलणारा विलंब) म्हणणार.

तापमानाचा मोजलेला आकडा मात्र फार उपयोगाचा नाही. हिवाळ्यात पठारावर जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा वीस अंशांनीही थंड असते. जमिनीवरच्या तापमानावरून ओला विलंब काढणारं सूत्र या उलट्या थराने पार फसतं. ओला भाग मोजमापातून काढू द्या, पण त्याला मोकाट सोडू नका. पठारावर तो काही मिलिमीटरच असतो.

माथ्यावरच्या विलंबावरून तिरप्या वाटेचा विलंब काढणाऱ्या मॅपिंग फंक्शनमध्ये १९९६ चं नील अजून कुठे निवडलेलं असेल तर बदला. ते उत्तर गोलार्धाच्या प्रमाण वातावरणांवर बेतलेलं आहे, दक्षिणेला तोच तक्ता सहा महिन्यांनी सरकवून लावतं आणि ७५ अंशांपलीकडे ७५ चेच गुणक चालवतं. अंटार्क्टिकाचं वातावरण हे आर्क्टिकचं सहा महिने उशिराचं रूप नव्हे. व्हिएन्ना मॅपिंग फंक्शन, व्हीएमएफ१ किंवा २०१८ चं व्हीएमएफ३, दर सहा तासांच्या हवामान विश्लेषणावरून बनतं, ते घ्या. प्रत्यक्ष वेळेत काम असेल तर त्याच्या अंदाजित फाइल मिळतात, तेही नसेल तर सरासरी हवामानावर बेतलेलं जीपीटी३. जाळीच्या फाइलमधून कोरडा विलंब उचलताना जाळीबिंदूची उंची आणि तुमची उंची यांतला फरक दुरुस्त झाला की नाही ते तपासा. किनाऱ्यावर बर्फाचा उतार इतका खडा असतो की शेजारचा जाळीबिंदू काहीशे मीटर वर निघतो.

कशातच बसत नसेल तर अँटेनाकडे जा

आयनांबराची रेषा शांत, दाब बरोबर, ओला विलंब धन, आणि तरीही उंची काही आठवड्यांत हळूहळू काही सेंमी सरकून एका दिवसात परत येते. हा रेडोमवर, म्हणजे अँटेनाच्या आच्छादनावर, साचलेला बर्फ आहे. तो सिग्नलला उशीर करतो, सगळ्या वारंवारतांना जवळपास सारखा, आणि उन्नत कोनाप्रमाणे त्याची चाल बदलते, म्हणून सॉफ्टवेअर त्याची वाटणी उंची आणि तपांबर यांत करून टाकतं. सिग्नल-गोंगाट गुणोत्तर त्याच काळात नेहमीच्या पातळीपासून ढळलेलं दिसतं, वाऱ्याने बर्फ उडाला की ते आणि उंची एकाच दिवशी जागेवर येतात. याला मॉडेल नाही. बर्फाची घनता आणि जाडी रोज बदलते, दुरुस्ती कशाची करणार? सिग्नल-गोंगाट गुणोत्तर जिथून ढळलं तिथपासून परत आलं तिथपर्यंतचा डेटा खूण करून उंचीच्या मालिकेतून वगळा, आणि पुढच्या हंगामाआधी वर बर्फ टिकणार नाही असा शंकूच्या आकाराचा रेडोम बसवता येतो का ते बघा. बसवलात तर त्या अँटेना-रेडोम जोडीची कॅलिब्रेशन फाइलही बदला, नाहीतर हिवाळी उडीच्या जागी कायमची उडी मिळेल.